टेलिफोनमध्यें हरवलेला ‘स’

टेलिफोनवरून एकानें ‘साठ’ म्हणावें आणि दुसऱ्यास ‘आठ’ ऐकूं यावें, ही गोष्ट घरोघरीं घडते. घरांत तिच्यावर हंशा पिकतो आणि ती विसरली जाते. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत ती हंशावारी नेतां येत नाहीं. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यांतून चाकणच्या मोठ्या कारखान्यास सुटे भाग जावयाचे असतात. साठ खोकीं पाठवावयाचीं कीं आठ, हें पुष्कळदां टेलिफोनवरच ठरतें. चाकणच्या बाजारांत येणाऱ्या कांद्याच्या पिशव्यांचा आंकडाही तसाच सांगितला जातो. ‘सळी’ मागितली असतां ‘फळी’ आली, तर नुसता वेळ जातो. पण ‘पेटी सोडा’ म्हटलें असतां पलीकडच्यानें ‘पेटी फोडा’ असें ऐकलें, तर मालही जातो. या जोड्या नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. प्रत्येक जोडींत घोंटाळा होतो तो ‘स’चा. टेलिफोनला ‘स’चें असें वावडें कां असावें, आणि न्यूरल नेटवर्क नांवाचें जें गणिती साधन हा हरवलेला ‘स’ परत आणून देण्याचें वचन देतें, त्याच्या वचनावर कितपत विसंबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आवाज म्हणजे हवेचें कंपन. निरोगी तरुण कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. मनुष्य बोलूं लागला म्हणजे त्याच्या कंठांतील स्वरतंतु थरथरतात. पुरुषाच्या आवाजांत हीं मूळ कंपनें सेकंदास साधारणपणें १०० ते १५० आणि स्त्रीच्या आवाजांत २०० च्या आसपास असतात. त्यांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशीं उपकंपनें त्यांच्याबरोबरच निघतात, आणि जीभ, टाळू व ओंठ यांच्या ठेवणीप्रमाणें त्यांतील कांहीं बळावतात, कांहीं दबतात. ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर असे घडतात. आणि त्यांची ओळख पटविणारा बहुतेक भाग ३,००० कंपनांच्या आंत येतो.

‘स’ची गोष्ट निराळी. ‘स’ उच्चारतांना स्वरतंतु मुळींच थरथरत नाहींत. जिभेचें टोंक दांतांमागें चिंचोळी फट ठेवतें, तिच्यांतून हवा जोरानें सुटते आणि सळसळ होते. या सळसळीचा मुख्य जोर ४,००० कंपनांच्या वर असतो. ‘श’ची सळसळ त्या मानानें खालून, ३,००० च्या अलीकडूनच, सुरू होते. स्त्रियांच्या व मुलांच्या तोंडचा ‘स’ तर पुरुषांच्या ‘स’हून आणखी वर चढलेला असतो.

टेलिफोनची वाट मात्र अरुंद. एकाच तारेवरून अनेक संभाषणें नेतां यावींत म्हणून प्रत्येक संभाषणास ४,००० कंपनांची जागा देण्याची वहिवाट पडली, आणि त्यांतून ३०० ते ३,४०० एवढाच भाग प्रत्यक्ष बोलण्यासाठीं उरला. पुढें आवाजाचे आंकडे करून पाठविण्याची पद्धति निघाली, तेव्हां सेकंदास ८,००० नमुने घेण्याचें ठरलें. आणि गणिताचा नियमच असा आहे कीं, जितके नमुने घ्यावे त्यांच्या निम्म्याहून वरचीं कंपनें त्यांत टिकूं शकत नाहींत. त्या काळीं हा व्यवहार शहाणपणाचा होता. शब्द समजत होते आणि खर्च वांचत होता. परंतु या काटकसरीचा भुर्दंड सर्वांवर सारखा पडला नाहीं. ‘आ’ सुखरूप पोंचला, ‘श’चा बराचसा भाग पोंचला, आणि ‘स’ची केवळ पुसट शेपटी पोंचली. स्त्रियांच्या व मुलांच्या आवाजाचें नुकसान पुरुषांच्या आवाजाहून अधिक झालें.

आतां नव्या सोयी झाल्या आहेत, हें खरें. २०१६ सालापासून भारतांत ‘व्होल्टी’ पद्धतीचा प्रसार झाला, आणि तिच्यावरून ७,००० कंपनांपर्यंतचा आवाज जाऊं शकतो. चाकणच्या कारखान्यांतून ज्या मोटारगाड्या बाहेर पडतात, त्यांत हात न लावतां टेलिफोनवर बोलण्याची सोय असते. तिच्यासाठीं ब्लूटूथच्या जुन्या नियमांत ८,००० नमुने होते. २०११ च्या सुधारलेल्या नियमांत १६,००० नमुन्यांची सोय झाली. मग प्रश्न मिटला काय? मिटला नाहीं. संभाषण एका कंपनीच्या जाळ्यांतून दुसरीच्या जाळ्यांत जातें, एका टोंकास जुनें यंत्र असतें, कोठें लहरींचा जोर कमी पडून जुन्या पद्धतीवर उतरावें लागतें. आणि मध्यें एक जागा जरी अरुंद लागली, तरी तेथून पुढें आवाज अरुंदच राहतो. रुंद रस्त्याचा लाभ एका चौकांत कसा संपतो, हें चाकणला रोज जाणाऱ्यांस निराळें सांगावयास नको.

तुटलेला भाग ऐकणाऱ्याच्या टोंकास नव्यानें तयार करावा, ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनींत कार्ल-ओटो श्मिट यांनीं १९३३ सालींच ती मांडली होती. मिळालेल्या आवाजाचें विशिष्ट रीतीनें विकृतीकरण केलें म्हणजे त्यांतून वरचीं कंपनें उत्पन्न होतात, आणि दाबलेल्या कंपनांची जागा त्यांनीं भरून काढावी, असा त्यांचा विचार होता. १९७२ सालीं बी. बी. सी. च्या संशोधन विभागांत एम. जी. क्रॉल यांनीं नभोवाणीवरून ऐकविल्या जाणाऱ्या टेलिफोन-संभाषणांचा दर्जा सुधारण्यासाठीं याच दिशेनें प्रयोग केले. या सर्व युक्त्यांत एक उणीव होती. कोठें सळसळ घालावयाची आणि कोठें नाहीं, याची त्यांची समज फार थोडी होती. त्यामुळें आवाज भरदार वाटला, तरी मधूनच किरकिर करी.

न्यूरल नेटवर्क हें या ठिकाणीं उपयोगी पडतें. हें नांव मेंदूंतील मज्जातंतूंच्या रचनेवरून घेतलेलें असलें, तरी वस्तुतः तें आंकड्यांचें एक मोठें जाळें आहे. एका बाजूनें आंकडे आंत जातात, वाटेंत हजारों-लाखों ठिकाणीं त्यांना कमी-अधिक वजन मिळतें, आणि दुसऱ्या बाजूनें नवे आंकडे बाहेर पडतात. त्याला शिकविण्याची रीत शाळेंतील ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नासारखी आहे. एखादें चांगलें ध्वनिमुद्रण घ्यावयाचें आणि त्यांतील ४,००० च्या वरचीं कंपनें मुद्दाम कापून टाकावयाचीं. कापलेला आवाज हा प्रश्न, आणि मूळ आवाज हें उत्तर. जाळें आपलें उत्तर देतें, मूळाशीं तें ताडून पाहिलें जातें, आणि जितकी चूक तितकी वजनांत दुरुस्ती होते. असें असंख्य वेळां घडल्यावर, पूर्वीं कधीं न ऐकलेल्या आवाजांतील गाळलेली जागाही तें भरूं लागतें. केहुआंग ली व चिन-हुई ली यांनीं २०१५ सालीं अशा खोल जाळ्याचा उपयोग बोलण्याचा पट्टा रुंद करण्याकडे करून दाखविला. २०१७ सालीं व्होलोदिमिर कुलेशोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थेट आवाजाच्या नमुन्यांवरच काम करणारें जाळें तयार केलें. त्यानंतर या कामास पुष्कळ वेग आला.

येथें एक अडचण उभी राहिली, आणि ती समजून घेतल्यावांचून या साधनाचे गुणदोष कळणार नाहींत. एखाद्या क्षणीं टेलिफोनवर जी पुसट खरखर आली, ती ‘स’ची असूं शकेल किंवा ‘फ’चीही असूं शकेल. जाळ्यास सरासरी चूक कमी करण्याचा हुकूम दिलेला असेल, तर तें दोहोंच्या मधला मार्ग काढतें. असा मधला ध्वनि ना ‘स’ ना ‘फ’. ऐकणाऱ्यास तो मिळमिळीत लागतो. यावर तोड म्हणून २०१४ सालीं इयन गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढलेली एक युक्ति वापरूं लागले. तिच्यांत जाळीं दोन असतात. एक आवाज घडवितें, आणि दुसरें, नाणें पारखणाऱ्या सराफाप्रमाणें, तो खरा कीं बनावट हें सांगतें. सराफ फसेपर्यंत पहिल्याची सुटका नाहीं. या स्पर्धेंतून जो आवाज निघतो तो स्वच्छ, कणखर आणि खऱ्यासारखा असतो. ‘स’ असेल तर ‘स’, ‘फ’ असेल तर ‘फ’. मिळमिळीतपणा जातो. परंतु संशयाची खूणही त्याच्याबरोबर जाते. पूर्वीं ऐकणाऱ्यास ‘अस्पष्ट आहे, पुन्हां सांगा’ असें म्हणावेंसें वाटे. आतां चुकीचा ध्वनिही स्पष्टच ऐकूं येतो, आणि पुन्हां विचारण्याची बुद्धि होत नाहीं.

हें जाळें हरवलेला ध्वनि शोधून आणीत नाहीं. तेथें काय असावें, याचा अनुभवावरून अंदाज करतें. अंदाज करणें वाईट असें नाहीं. मनुष्याचा कानही तेंच करतो. टेलिफोनवर ३०० च्या खालचीं कंपनें येत नाहींत, म्हणजे पुरुषाच्या आवाजाचीं मूळ १०० किंवा १५० कंपनें पलीकडे पोंचतच नाहींत. तरीसुद्धां बाप बोलतो कीं मुलगी, हें ऐकणारा तत्काळ ओळखतो, कारण वरच्या उपकंपनांमधील अंतर मूळ कंपनांइतकेंच असतें आणि त्यावरून मेंदु तीं भरून काढतो. हा अंदाज सहसा चुकत नाहीं, कारण खालचें वरच्यावरून निश्चितपणें ठरतें. ‘स’ची गोष्ट अशी नव्हे. वरच्या पट्ट्यांत काय होतें, याची खालच्या पट्ट्यांत फार थोडी साक्ष उरते. या विषयाच्या अभ्यासकांनीं या दोन पट्ट्यांतील संबंध गणितानें मोजून पाहिला, तेव्हां तो बेताचाच निघाला. तेव्हां जाळें कितीही मोठें केलें, तरी जी साक्ष तारेवर आलीच नाहीं ती त्याला कोठून मिळणार? तें आजूबाजूचे ध्वनि पाहतें, भाषेची वळणें ओळखतें, आणि अधिक संभवनीय असेल तें निवडतें. ‘सोडा’ आणि ‘फोडा’ हीं दोन्ही सारखींच संभवनीय असलीं, तर निवड नशिबावर.

भाषेच्या वळणांचा उल्लेख आला, तेव्हां मराठीची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. मराठींत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. एक तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व, हा उच्चार एक. आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हा उच्चार दुसरा. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडें, यांतही तोच भेद आहे. लिहितांना अक्षर एकच असल्यामुळें हा भेद कागदावर दिसत नाहीं. तो केवळ ध्वनींत असतो. तालव्य उच्चारांतील घर्षण ‘श’च्या जवळचें, म्हणून खालून सुरू होणारें, दंततालव्य उच्चारांतील घर्षण ‘स’च्या जवळचें, म्हणून वर चढलेलें. अर्थात् टेलिफोनच्या कात्रींत सांपडतो तो दंततालव्यच. आतां जें जाळें इंग्रजी बोलणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकलें, त्यानें शब्दाच्या आरंभीं असा ‘च’ फारसा ऐकलेलाच नसतो. हिंदीवर शिकलेल्या जाळ्यासही हिंदीचा तालव्य ‘च’च परिचयाचा. असें जाळें मराठी मनुष्याच्या तोंडीं आपल्या ओळखीचा उच्चार घालील, आणि तो इतका स्वच्छ घालील कीं, बोलणारा परमुलखांतला असावा असें ऐकणाऱ्यास वाटावें.

यावर उपाय मराठी आवाजांचा संग्रह हाच. पण कोणाच्या आवाजांचा? या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभीं शेतमालाचे बाजारभाव टेलिफोनवर बोलून विचारतां यावेत, यासाठीं कांहीं भारतीय भाषांत एक सरकारी प्रकल्प झाला. त्यांतील मराठीच्या कामांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांचा भाग होता, आणि त्यासाठीं महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांचे आवाज भ्रमणध्वनीवरून घेण्यांत आले. ते आवाज खऱ्या बोलणाऱ्यांचे होते. पण टेलिफोनवरूनच आलेले असल्यामुळें वरचीं कंपनें त्यांतही नव्हतीं. म्हणजे प्रश्न होता, उत्तर नव्हतें. उलट शांत खोलींत, उत्तम यंत्रावर, वाक्यें वाचून घेऊन केलेले संग्रह असतात. त्यांत उत्तर असतें, पण बोलणारे मोजके आणि बोलणें पुस्तकी. २०२४ सालीं मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील ‘एआय-फॉर-भारत’ या गटानें बावीस भारतीय भाषांतील सहज बोलण्याचा मोठा संग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, ही समाधानाची गोष्ट होय.

पिंपरी-चिंचवड हें या दृष्टीनें मोठें शिकविणारें ठिकाण आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर येथें जी वस्ती वाढत गेली, तींत खेड-मावळचे शेतकरी आहेत, मराठवाड्यांतून व विदर्भांतून पोटासाठीं आलेले कामगार आहेत, आणि बिहारपासून केरळपर्यंतचे लोक कामापुरती मराठी बोलणारे आहेत. यंत्रांच्या घरघरींत उभें राहून बोललेली यांची मराठी ज्या जाळ्यास उमजली नाहीं, त्याला मराठी येतें असें म्हणतां येणार नाहीं.

या साधनाचा उपयोगच नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. ज्यांच्या कानांत शस्त्रक्रियेनें कॉक्लियर इम्प्लांट बसविलेलें असतें, त्यांना टेलिफोनवरचें बोलणें समजणें फार कठीण जातें. अशा लोकांवर केलेल्या व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पट्टा कृत्रिम रीतीनें रुंद केल्यावर शब्द ओळखण्यांत सुधारणा दिसून आली. हें जाळ्याच्या प्रसाराआधींच्या साध्या पद्धतीनें साधलें, ही गोष्ट विशेष. तास-तास टेलिफोनवर ऐकण्याचें काम करणाऱ्यांस भरदार आवाजानें शीण कमी होतो. मात्र वयोमानानें ज्यांच्या कानास वरचीं कंपनें ऐकूंच येत नाहींत, अशा वृद्धांस नुसतीं तीं कंपनें वाढवून विशेष लाभ होणार नाहीं.

जुन्या ध्वनिमुद्रणांचाही विचार याच ठिकाणीं केला पाहिजे. या पट्ट्याला लागूनच असलेल्या पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’सारख्या १९३६ च्या बोलपटांच्या काळीं फितीवर वरचीं कंपनें फारशीं उतरत नसत. अशा जुन्या बोलपटांचे आवाज जाळ्याच्या साह्यानें उजळ करण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. तसें करण्यास हरकत नाहीं; पण उजळलेली प्रत निराळी आणि मूळ प्रत निराळी ठेवावी, आणि पहिलीवर तसें स्पष्ट लिहावें. नाहीं तर नटाच्या तोंडचा ‘स’ आणि यंत्राच्या पदरचा ‘स’ यांतील भेद पुढच्या पिढीस कधींच कळणार नाहीं.

न्यायाच्या कामांत तर याहून अधिक कडक असावयास पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणें इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढें ठेवतांना जें प्रमाणपत्र द्यावें लागतें, त्यांत त्या नोंदीची हॅश नांवाची अंकमुद्रा लिहावयाची असते. नोंदींत एक कण बदलला तरी ही मुद्रा बदलते. जाळ्यानें भरलेला आवाज म्हणजे बदललेला आवाज. एखाद्या अपघाताच्या चौकशींत ‘सोडा’ म्हटलें होतें कीं ‘फोडा’, यावर एखाद्या कामगाराची नोकरी किंवा अब्रू अवलंबून असेल, तर तेथें यंत्राचा सुस्पष्ट अंदाज पुरावा म्हणून पुढें करणें हा अन्याय होईल. अस्पष्ट मूळ ऐकून ‘ठरवितां येत नाहीं’ असें म्हणणें, हेंच तेथें खरें उत्तर.

हीं यंत्रें पारखण्याची रीतही बदलली पाहिजे. आवाज किती गोड वाटला, असें दहा जणांस विचारून गुण देणें पुरेसें नाहीं. ‘साठ’ व ‘आठ’, ‘सळी’ व ‘फळी’, ‘सोडा’ व ‘फोडा’, दोन प्रकारचे ‘जग’, अशा जोड्या स्त्री-पुरुष-मुलांच्या तोंडून घ्याव्या, टेलिफोनच्या कात्रींतून काढाव्या, जाळ्याकडून भरून घ्याव्या, आणि काय ऐकूं आलें तें मराठी श्रोत्यांकडून लिहवून घ्यावें. जेथें जाळ्याची स्वतःची खात्री नाहीं, तेथें त्यानें आवाज चमकवूं नये. पुसटच राहूं द्यावा. पुसट आवाज ऐकून मनुष्य पुन्हां विचारतो, आणि त्यानें विचारावें हेंच इष्ट.

तोपर्यंत या पट्ट्यांतील अनुभवी माणसांची एक जुनी रीत सर्वांनींच उचलण्यासारखी आहे. आंकडा सांगतांना ते ‘साठ’ म्हणून थांबत नाहींत. ‘साठ, सहावर शून्य’ असें सांगतात, आणि ऐकणाराही तेंच उलट म्हणून दाखवितो. ‘स’ वाटेंत हरवला तरी ‘शून्या’चा ‘श’ बहुधा पोंचतो, आणि साठ खोकीं साठच राहतात.